मधुमेह, हृदयविकार आणि छेदातली संख्या

पुढची दोन विधाने वाचा.

अमेरिकेत १९९० ते २०१० या वीस वर्षांत मधुमेही प्रौढांमधले हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण दोन तृतीयांशांनी कमी झाले.

अमेरिकेत याच वीस वर्षांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्या मधुमेही रुग्णांची वार्षिक संख्या जवळजवळ होती तेवढीच राहिली.

नववी-दहावीच्या वर्गात ही विधाने फळ्यावर लिहिली, तर बरीच मुले म्हणतील की यातले एक कोणते तरी चुकीचे असले पाहिजे. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही एकाच अभ्यासातून निघाली आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्रातले एडवर्ड ग्रेग आणि त्यांचे सहकारी यांनी तो अभ्यास एप्रिल २०१४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. ही दोन विधाने एकमेकांशी कशी जुळतात, हे पाहायला गेलो तर अंश आणि छेद यांच्या साध्या गणितापासून थेट स्त्रियांच्या छातीतल्या दुखण्याकडे डॉक्टर कसे पाहतात इथपर्यंत जावे लागते. म्हणून सुरुवात गणितापासूनच करू.

मोजतात कसे?

रुग्णालयातून रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड मिळते. त्यावर वय, लिंग, किती दिवस दाखल होता आणि निदाने लिहिलेली असतात. अमेरिकेत १९६५ ते २०१० या काळात दरवर्षी देशभरातली काही रुग्णालये नमुना म्हणून निवडून, त्यांच्या अशा नोंदींपैकी काही नमुन्याने निवडून एक राष्ट्रीय पाहणी केली जात असे. निदाने शब्दांत न ठेवता सांकेतिक आकड्यांत नोंदवत. त्या वेळच्या पद्धतीत ४१० म्हणजे हृदयविकाराचा तीव्र झटका, ४२८ म्हणजे हार्ट फेल्युअर, २५० म्हणजे मधुमेह. यादीत पहिले निदान ४१० आणि पुढे कुठे तरी २५० असेल, तर तो 'मधुमेही रुग्णाचा हृदयविकाराचा झटका' म्हणून मोजला जाई.

या पद्धतीत कोण मोजले जाते आणि कोण सुटते, ते नीट पाहायला हवे. इथे माणसे मोजलेली नाहीत, रुग्णालयातून घरी सोडण्याचे प्रसंग मोजलेले आहेत. एकच माणूस वर्षात तीनदा दाखल झाला तर तो तीनदा मोजला जातो. घरीच किंवा वाटेत प्राण गेलेला माणूस मोजलाच जात नाही. ज्याला मधुमेह आहे पण तो कधी तपासला गेला नाही, किंवा कार्डावर लिहायचा राहिला, तो बिनमधुमेही गटात जाऊन बसतो.

हा झाला अंश. छेद मात्र दुसऱ्याच ठिकाणाहून येतो. अमेरिकेत १९५७ पासून घरोघरी जाऊन आरोग्याची विचारपूस करणारी एक राष्ट्रीय पाहणी चालू आहे. तीत विचारतात, तुम्हाला मधुमेह आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? 'हो' म्हणणाऱ्यांच्या प्रमाणावरून देशात मधुमेही किती, याचा अंदाज काढला जातो. म्हणजे अंश रुग्णालयाच्या कागदांतून आणि छेद लोकांच्या तोंडून. आपल्या इतर कितीतरी टक्केवाऱ्याही अशाच दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या संख्यांच्या भागाकार असतात, पण त्याकडे आपले लक्ष जात नाही.

आता प्रत्यक्ष आकडे. १९९० मध्ये आपल्याला मधुमेह असल्याचे सांगणारे प्रौढ अमेरिकेत सुमारे ६५ लाख होते. २०१० मध्ये ते झाले २ कोटी ७ लाख, तिपटीहून जास्त. हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेले मधुमेही १९९० मध्ये वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, २०१० मध्ये सुमारे १ लाख ३६ हजार. भागाकार करा. १९९० मध्ये दर दहा हजार मधुमेहींमागे सुमारे २१५, २०१० मध्ये सुमारे ६६. अंश जागचा हलला नाही, छेद तिप्पट झाला, आणि दर कोसळला.

अभ्यासात छापलेले दर मात्र वेगळे आहेत. १९९० साठी दहा हजारी १४१.१ आणि २०१० साठी ४५.५. आपला भागाकार चुकला का? नाही. छापलेले दर वयानुसार प्रमाणित केलेले आहेत. एका शाळेत पाचवीची मुले जास्त आणि दुसऱ्या शाळेत दहावीची जास्त असतील, तर दोन शाळांतल्या मुलांच्या सरासरी उंचीची तुलना करण्यात अर्थ नसतो. आधी इयत्तावार सरासरी काढावी लागते आणि मग दोन्ही शाळांत प्रत्येक इयत्तेत सारखीच मुले आहेत असे मानून ती एकत्र करावी लागते. इथे तेच केले आहे. अमेरिकेची २००० सालची लोकसंख्या प्रमाण मानून प्रत्येक वयोगटाच्या दराला तिच्यातले वजन दिले. मधुमेही लोक सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा वयस्कर असतात. त्यामुळे वयाचा हा भार काढून घेतला की आकडा लहान होतो. घट मात्र दोन्ही हिशोबांत साधारण सारखीच निघते, छापलेल्या दरांवरून ६७.८ टक्के.

दोन तुकड्यांचे कोडे

छेद तिप्पट झाला तो केवळ मधुमेह पसरला म्हणून का? मोठ्या प्रमाणात, हो. पण एक दुसरेही कारण आहे आणि ते शिक्षकांना फार लवकर कळेल.

समजा 'अ' तुकडीतल्या चार मुलांचे गुण ८०, ७५, ७० आणि ६० आहेत. 'ब' तुकडीतल्या चौघांचे ५०, ४५, ४० आणि ३५. सरासरी अनुक्रमे ७१.२५ आणि ४२.५. आता ६० गुणांचा मुलगा 'अ'मधून 'ब'मध्ये पाठवा. 'अ'ची सरासरी होते ७५, 'ब'ची ४६. दोन्ही तुकड्या सुधारल्या! एकाही मुलाचा एकही गुण वाढलेला नसताना. वैद्यकातल्या अशा फसव्या सुधारणेकडे आल्व्हन फाइन्स्टाइन यांनी १९८५ मध्ये लक्ष वेधले आणि विल रॉजर्स या अमेरिकी विनोदवीराच्या एका थट्टेवरून तिला त्याचेच नाव दिले.

मधुमेहात हे खरोखर घडले. १९९७ पर्यंत उपाशीपोटी रक्तातली साखर दर शंभर मिलिलिटरला १४० मिलिग्रॅम किंवा जास्त असली तर मधुमेह समजत. त्या वर्षी अमेरिकन डायबिटिस असोसिएशनने ही रेषा १२६ वर आणली. १२६ ते १३९ मध्ये असलेली माणसे एका रात्रीत मधुमेही झाली. बिनमधुमेही गटात ती सर्वांत आजारी होती आणि मधुमेही गटात सर्वांत धडधाकट ठरली. आपला ६० गुणांचा मुलगाच. शिवाय तपासण्या वाढल्यामुळे, एरवी पाच-दहा वर्षांनी सापडला असता असा मधुमेह लवकर सापडू लागला. तेव्हा छेदात सौम्य आजाराच्या लोकांची भर पडत गेली.

मग ही घट म्हणजे निव्वळ कागदावरची करामत म्हणायची का? तसे म्हणता येत नाही. ते तपासण्याची एक साधी युक्ती आहे. छेदात मधुमेही न घेता देशातले सगळेच प्रौढ घ्या. आता मधुमेहाची व्याख्या सैल झाल्याने अंश फुगेल, पण छेद बदलणार नाही. म्हणजे ही मोजणी घटीच्या विरुद्ध बाजूला झुकलेली आहे. ग्रेग यांच्या गटाने तीही करून पाहिली. पायांचे विच्छेदन, पक्षाघात आणि मूत्रपिंड निकामी होणे यांत या मोजणीने घट दिसली नाही. हृदयविकाराच्या झटक्यात मात्र दिसली, दहा हजार प्रौढांमागे २.७ ची. तीही मधुमेहींची संख्या तिप्पट झालेली असताना. झटक्याची व्याख्याही या काळात सैलच झाली होती. २००० मध्ये ट्रोपोनिन या प्रथिनाच्या रक्ततपासणीला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि पूर्वी निसटून जाणारे बारीक झटके पकडले जाऊ लागले. तरीही आकडा खाली आला.

बिनमधुमेहींशी तुलना केली तर १९९० मध्ये मधुमेहींना झटका येण्याचे प्रमाण सुमारे पावणेचार पट होते. २०१० मध्ये ते दुपटीच्याही आत आले. स्वीडनमधल्या नोंदींनीही असेच चित्र दाखवले. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो. त्यामुळे मधुमेहाची नोंदवही, रुग्णालयाची नोंद आणि मृत्यूची नोंद एकाच माणसाच्या नावावर जोडता येते, अंश एकीकडून आणि छेद दुसरीकडून आणावा लागत नाही. १९९८ ते २०१४ या काळात तिथल्या मधुमेहींमध्ये हृदयविकार बाकीच्या लोकांपेक्षाही वेगाने घटला. मात्र प्रौढ वयात होणाऱ्या, म्हणजे 'टाइप दोन' मधुमेहाच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांइतके घटले नाही.

साखर आणि रोहिण्या

मधुमेह हा साखरेचा आजार, मग तो हृदयापर्यंत पोचतो कसा? हृदयाच्या स्नायूला स्वतःला रक्त लागते आणि ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या करोनरी रोहिण्या पुरवतात. रोहिणीच्या आतले अस्तर फार नाजूक असते. रक्तातली जादा साखर प्रथिनांना चिकटते, अस्तर बिघडते, त्याखाली मेदाचे थर साचतात. इन्शुलिनचा परिणाम नीट होत नसला की रक्तातल्या मेदाचेही संतुलन ढळते, ट्रायग्लिसराइड वाढते आणि उपकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल कमी होते. बिंबाणू जास्त चिकट होतात. बहुतेक मधुमेहींना उच्च रक्तदाबही असतो. एखाद्या दिवशी मेदाचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि रोहिणी बंद होते. हाच झटका. मधुमेहाने चेतातंतूही बोथट होतात, त्यामुळे काही रुग्णांना झटका येऊनही छातीत फारसे दुखत नाही. हे पुढे स्त्रियांच्या संदर्भात लागणार आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हृदय वाचवण्यात साखर उतरवण्यापेक्षा रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा वाटा मोठा ठरला. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने स्टॅटिन औषधांचा उपयोग निर्विवाद दाखवला. डेन्मार्कमधल्या स्टेनो केंद्राने अवघ्या १६० मधुमेहींवर प्रयोग केला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना साखर, रक्तदाब, मेद, आहार आणि व्यायाम या सगळ्यांवर एकदम काटेकोर उपचार. २००३ मध्ये, सुमारे आठ वर्षांनंतरचा हिशोब प्रसिद्ध झाला, तेव्हा दुसऱ्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार निम्म्याच्या आसपास आले होते. एवढ्या लहान प्रयोगाने एवढा मोठा फरक दाखवणे विरळा. आपल्याकडे मधुमेही माणूस साखरेचा आकडा तोंडपाठ सांगतो आणि रक्तदाब विचारला की गडबडतो, हे आपण सगळेच पाहतो.

स्त्रियांची वेगळी गोष्ट

आतापर्यंत 'मधुमेही' म्हणून सगळे एकत्र धरले. आता पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या करू, कारण एकत्रित सरासरीने इथे बरेच काही झाकले आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयाचा पाठपुरावा चालू आहे. सुरुवातीला ५,२०९ स्त्री-पुरुष घेतले होते. सामान्यतः स्त्रियांना हृदयविकार पुरुषांपेक्षा सुमारे दहा वर्षे उशिरा गाठतो. पण मधुमेह झालेल्या स्त्रीचा हा फायदा बराचसा पुसला जातो, हे या गावाने १९७० च्या दशकातच दाखवून दिले. हार्ट फेल्युअरच्या बाबतीत तर फरक ढळढळीत होता. मधुमेहामुळे पुरुषांमध्ये हा धोका दुपटीहून थोडा अधिक आणि स्त्रियांमध्ये सुमारे पाचपट झालेला आढळला, असे विल्यम कॅनेल यांच्या गटाने १९७४ मध्ये नोंदवले. (हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही, पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साचते, आडवे झाले की धाप लागते.)

पुढच्या काळात उपचार सुधारले. त्याचा लाभ कुणाला झाला? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने १९७० च्या दशकात पाहणी झालेला गट आणि १९८० च्या दशकात पाहणी झालेला गट यांची तुलना केली. हृदयविकाराने होणारे मृत्यू बिनमधुमेही पुरुषांत ३६.४ टक्क्यांनी घटले, मधुमेही पुरुषांत १३.१ टक्क्यांनी. बिनमधुमेही स्त्रियांत २७ टक्क्यांनी घटले. आणि मधुमेही स्त्रियांत २३ टक्क्यांनी वाढले. २००७ च्या आणखी एका अभ्यासाने हेच सूत्र २००० सालापर्यंत ओढले. मधुमेही पुरुषांत सर्व कारणांनी होणारे वार्षिक मृत्यू दर हजारी ४२.६ वरून २४.४ वर आले, मधुमेही स्त्रियांत घट झालीच नाही. मधुमेही आणि बिनमधुमेही स्त्रियांमधले अंतर तर दुपटीहून वाढले.

विषय रुग्णालयात दाखल होण्याचा असताना मृत्यूचे आकडे कशाला, असा प्रश्न इथे येईल. कारण दाखल होण्याचा आकडा एकटा वाचता येत नाही. तो घटतो तेव्हा आजार कमी झालेला असू शकतो, पूर्वी दोन-तीन दिवस ठेवून करायची तपासणी आता त्याच दिवशी घरी सोडून होत असेल, किंवा माणसे रुग्णालयापर्यंत पोचतच नसतील. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण २०२० च्या वसंतातले आहे. करोनाची टाळेबंदी सुरू झाली आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणारे रुग्ण आठवड्याच्या हिशोबात ४८ टक्क्यांपर्यंत घटले. लोकांची हृदये काही एका महिन्यात सुधारली नव्हती. लोक घाबरून घरी बसले होते.

स्त्रियांच्या बाबतीत अशी एक अदृश्य टाळेबंदी फार काळ होती. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि मेरीलँड या राज्यांतल्या रुग्णालयांच्या डिस्चार्ज नोंदी तपासल्या गेल्या. हृदयविकारासाठी दाखल झालेल्या स्त्रियांची अँजिओग्राफी आणि पुढची बायपास किंवा फुग्याची प्रक्रिया होण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी निघाले. त्याच अंकात हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी संपादकीय लिहिले आणि या प्रकाराला 'येंटल' असे नाव दिले. येंटल ही आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेतली ज्यू मुलगी. धर्मग्रंथ शिकता यावेत म्हणून ती मुलाचा वेश घेते. हीली यांचे म्हणणे असे की आपल्यालाही पुरुषासारखाच हृदयविकार आहे हे सिद्ध करून दाखवल्याशिवाय स्त्रीला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. हीली त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुख होत्या, म्हणून हे ऐकले गेले. १९७७ पासून तिथल्या औषधनियामकाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली होती, ती १९९३ मध्ये मागे घेतली गेली.

झटका आला की छाती दाबून धरणारा पुरुष आपण सिनेमात पाहतो. बऱ्याच स्त्रियांनाही छातीत दुखतेच, पण धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे आणि विलक्षण थकवा ही लक्षणे त्यांच्यात जास्त वेळा सोबत असतात. त्यात मधुमेहाने चेतातंतू बोथट केलेले असले तर दुखणे आणखी अस्पष्ट होते. 'पित्त झाले असेल' म्हणून घरी पाठवलेली स्त्री कुठल्याच अंशात मोजली जात नाही.

बदल झाला, पण उशिरा. १९९७ ते २००६ या काळाच्या अमेरिकी हिशोबात मधुमेहींमधले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ४० टक्क्यांनी घटले, आणि या वेळी घटीचा वेग स्त्री-पुरुषांत सारखा होता.

किती पट आणि किती जास्त

तरी दरी संपलेली नाही. २०१४ मध्ये सॅन पीटर्स, रेचेल हक्सली आणि मार्क वुडवर्ड यांनी ६४ अभ्यास आणि साडेआठ लाखांहून अधिक माणसे एकत्र करून हिशोब मांडला. मधुमेहामुळे करोनरी हृदयविकाराचा धोका पुरुषांत २.१६ पट होतो, स्त्रियांत २.८२ पट.

हे वाक्य वर्तमानपत्रात 'मधुमेही स्त्रियांना हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा अधिक' असे छापून येते आणि ते चूक असते. का, ते कल्पित आकड्यांनी पाहू. समजा एका वयोगटात मधुमेह नसलेल्या हजार पुरुषांपैकी वर्षाला १० जणांना आणि हजार स्त्रियांपैकी ४ जणींना हृदयविकार होतो. मधुमेह असताना पुरुषांचा आकडा होईल २१.६, स्त्रियांचा सुमारे ११.३. म्हणजे अजूनही पुरुषांचा धोका जास्तच आहे. पुरुषांत ११.६ ची भर पडली, स्त्रियांत ७.३ ची. पण मधुमेहाआधी पुरुषांचा धोका स्त्रियांच्या अडीच पट होता, तो आता दुपटीच्याही खाली आला. 'किती पट' आणि 'किती जास्त' हे दोन निराळे प्रश्न आहेत. वर्गात हे उदाहरण दोन्ही बाजूंनी सोडवून घेतले तर टक्केवारीचा एक धडा वाचेल.

स्त्रियांत 'पट' मोठी का, याचे एक उत्तर स्कॉटलंडमधल्या नोंदींतून सुचते. तिथे स्त्रियांना मधुमेहाचे निदान झाले तेव्हा त्यांचे वजन, उंचीच्या मानाने, पुरुषांपेक्षा जास्त होते. याचा एक अर्थ असा की पुरुष थोड्या वजनवाढीने मधुमेहाच्या रेषेपलीकडे जातो आणि स्त्रीला अधिक लांबचा प्रवास करावा लागतो. त्या प्रवासात रक्तदाब, मेद, रोहिण्यांचे अस्तर हे सगळे बिघडत आलेले असते. मला हे उत्तर पटते, पण पूर्ण वाटत नाही. उपचारातला भेदभाव त्यातून वजा करता येत नाही.

अलीकडची चिंता निराळी आहे. २०१० नंतर अमेरिकेत १८ ते ६४ या वयोगटातल्या मधुमेहींमधली सुधारणा थांबल्याचे, काही बाबतींत उलटल्याचे २०१९ मध्ये मांडले गेले. दुसरीकडे हार्ट फेल्युअरवर नवे औषध हाती आले. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारे एम्पाग्लिफ्लोझिन हे औषध ७,०२० मधुमेही हृदयरुग्णांना देऊन पाहिले. २०१५ मध्ये निकाल लागला, तेव्हा हार्ट फेल्युअरने दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी निघाले. या चाचणीत स्त्रिया मात्र तीस टक्क्यांहूनही कमी होत्या.

आपल्याकडचा छेद

भारतापुरते बोलायचे तर आपल्याकडे छेद चांगला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीत २००८ ते २०२० या काळात सर्व राज्यांतल्या १ लाख १३ हजार लोकांच्या तपासण्या झाल्या आणि २०२३ मध्ये तिने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. प्रौढांपैकी ११.४ टक्के. इथे लोकांना नुसते विचारले नाही, त्यांचे रक्त तपासले. म्हणजे स्वतःला मधुमेह आहे हे माहीत नसलेलेही यात आले. अमेरिकेच्या ज्या छेदावर हा लेख चालला, त्यात असे लोक नव्हते.

अंशासाठी मात्र अमेरिकेसारखी, दरवर्षी देशभरातल्या डिस्चार्ज कार्डांचा नमुना घेणारी पाहणी आपल्याकडे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण काही वर्षांच्या अंतराने घराघरांत जाऊन, गेल्या ३६५ दिवसांत कोण दाखल झाले होते, ते विचारते. तिथे 'मधुमेह आहे' असे तेच सांगतील ज्यांना तो ठाऊक आहे. समजा एखाद्या तालुक्यात रक्त तपासल्यावर ८,००० मधुमेही निघाले आणि त्यांपैकी निम्म्यांनाच ते माहीत आहे. वर्षभरात यांतल्या ४० जणांना हृदयविकारासाठी दाखल व्हावे लागले, पण मधुमेहाची नोंद २० जणांच्याच कार्डावर आहे. नोंदलेले २० आणि तपासलेले ८,००० यांचा भागाकार केला तर दर येतो हजारी अडीच. नोंदलेले २० आणि माहीत असलेले ४,००० घेतले तर येतो हजारी ५, आणि सगळे ४० व सगळे ८,००० घेतले तरीही ५ च.